दाढदुखीचा दुपट्टा

(साल १९६२. वलगावात सूर्यभान पाटलांकडे आज अकोल्याचे पाहुणे वच्छलेला पाहायला येणार. बैठकीत सतरंजी पडली आहे. बाप कोरं धोतर नेसून सकाळपासूनच तयार, आणि लेकीला जे बोलायचं ते काही केल्या तोंडातून निघत नाही.)

सूर्यभान : फेटा तिरपा तं नाही ना झाला, वच्छे?

वच्छला : नाही, बाबा. बरा आहे.

सूर्यभान : मंग अशी काहून पाहून राहिली? आज तुले पाहाचं हाय, मले नाही!

वच्छला : बाबा... आज बैठकीत रामरावमामा बसले तर?

सूर्यभान : बसू दे ना. मी का त्याले उठवून राहिलो? एका अंगाले तो, एका अंगाले मी.

वच्छला : तुमच्या जागी, म्हणते मी. तुम्ही जरा वावरात गेले तर...

सूर्यभान : वावरात? आज? पोरीले पाहाले लोकं आले, आन बाप वखर हाकून राहिला? हे तुह्या मायनं शिकवलं का तुले?

वच्छला : आईला माहीतही नाही. मीच म्हणते.

सूर्यभान : अस्सं. परतवाड्याच्या पाहुण्याइचं मनात धरलं तू.

वच्छला : नको धरू? पसंत करून उठत होते ते! नुसतं विचारलं त्यांनी, 'पोरगी तुमचीच का?' आणि तुम्ही अख्खं ऑपरेशन सांगत बसले. मुंबईच्या डॉक्टरनं हाड कसं कापलं, जबडा कसा मागं सरकवला, दात तारेनं कसे बांधले...

सूर्यभान : कवतिक वाटलं, माय. दीड महिना तुह्यं तोंड बंद. दाढेमागच्या फटीतून नळीनं दूध पाजलं मी तुले. नर्सबाई म्हने, बाबा, तुमी सरका. मी नाही सरकलो.

वच्छला : माहीत आहे मला.

सूर्यभान : आज चकार शब्द नाही काढत. तुह्यी आन.

वच्छला : तुम्ही बोलायलाच पाहिजे असं नाही, बाबा. तुमच्याकडे पाहिलं की कळतं, माझं तोंड आधी कसं होतं ते.

सूर्यभान : हं.

वच्छला : मला लाज वाटते, बाबा.

सूर्यभान : माही?

वच्छला : हो. आणि तुमची वाटते, म्हणून माझीच जास्त वाटते. काय करू मी?

सूर्यभान : रडू नको, डोये सुजतीन. खरंच हाय ना बाप्पा. तुह्या आजीचा जबडा मले आला, माहा तुले. आता तुह्या लेकराइले येईन म्हनून भेतेत लोकं.

वच्छला : असं नका ना बोलू.

सूर्यभान : हे पाह्य. वावरात गेलो तं जास्तच बोभाटा होईन. तो दुपट्टा आन इकडं. हनवटीखालून डोक्यावर बांधून टाक. दाढ दुखते म्हनून सांगू. दाढ का, कोनाचीबी दुखते.

वच्छला : आणि फेटा?

सूर्यभान : फेट्यावरून नाही बसत तो. ठेव खुंटीले.

वच्छला : सकाळपासून बांधत होते तुम्ही...

सूर्यभान : बांध लवकर. तुह्यी तार दीड महिना होती. माह्यं तं घंट्या-दोन घंट्याचं काम.

वच्छला : गाठ बसत नाही.

सूर्यभान : दमनी आली वाटते. बैलाइच्या घुंगराचा आवाज येऊन राहिला.

वच्छला : घट्ट झालं का?

सूर्यभान : होऊ दे. फक्त इतकं ढिलं ठेव, माय, का कोनी इचारलं तं 'पोरगी माहीच हाय' एवढं म्हनता यावं.