माहेरी न्यायची फटफटी

वणीच्या एसटीत दहावीतल्या समीक्षानं पुस्तक उघडलं होतं, पण कान मात्र पुढच्या सीटवर टांगले होते. तिथं एक तरुण बाई शेजारच्या म्हातारीला नवऱ्याचं पुराण ऐकवत होती.

"कापूस बुडाला मावशी, याच्याकडं फवारणीचे पंप दुरुस्तीले कोणी आणेना. मंग यानं जुनी, बंद पडलेली टू-स्ट्रोक फटफटी आणली. शर्यतीत मातीच्या ढिगावरून उड्या मारायची!"

"घरात आणली?"

"सैपाकघरात! तीन वर्सं इंजिनाच्या बाजूले बसून रोट्या भाजल्या."

"अन् तू गुमान राह्यली?"

"म्हणे, तयार झाली का पहिले तुले माहेरी नेतो."

"झाली का?"

"काल झाली. साऱ्या मोहल्ल्यात धूर केला."

"मंग तू एसटीत काहून?"

"तिले मागची सीटच नाही! लावून दे म्हटलं, तं म्हणे, कंपनीतून निघाली तशीच पाहिजे."

"नवरा हाय का नमुना! घ्यायले तरी येईन का?"

"येईन नं. दोघांची लांब सीट बगलेत धरून, एसटीनंच."

"एवढा भरवसा?"

बाईनं मांडीवरची पिशवी उघडली, तसा पेट्रोलचा वास समीक्षाच्या नाकात शिरला.

"हा तिचा कार्बोरेटर. दोन वर्सं धुंडला तवा भेटला त्याले. याच्याबिगर फटफटी खोकतबी नाही."