हेल्पलाइनला सांगितलेला धंदा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या राव, कारण सांगताना मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. चाकणच्या कंपनीत नवीन भरती झालेल्यांना हायब्रीड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी कशी काम करते ते शिकवतो मी, हे तुम्हाला माहीतच आहे.

तळेगावचे माझे सासरे, जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. त्यांना शेजारी आणि सासूबाईंना मागे बसवून खंडाळ्याचा घाट उतरत होतो. "मामा, पाय काढला की गाडी आपोआप हळू होते आणि बॅटरी भरते," असं वरून ऐकवत होतो. अर्ध्या घाटात इंजिन एकदम बोंबलायला लागलं. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी! मी घाबरून गाडी कडेला घेतली, गुडघेदुखीने बेजार सासूबाईंनाही खाली उतरवलं.

सासरे म्हणाले, "जावईबापू, इंजिन गाडी धरतंय. आमीबी उताराला गिअर टाकून आसंच धरायचो."

"मामा, हा तुमचा ट्रक नाही!" मी खेकसलो आणि हेल्पलाइनला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"सर, बॅटरी फुल्ल दिसतेय ना? तिच्यात आता जागा नाही, म्हणून इंजिनच गाडी रोखून धरतंय. बिघाड काही नाही," फोनवरची मुलगी म्हणाली.

हेच वाक्य मी दर सोमवारी फळ्यावर लिहितो.

"फॉर्मसाठी विचारते सर, आपण काय करता?"

माझ्या तोंडून निघालं, "किराणा दुकान आहे."

सासऱ्यांनी सासूबाईंना हात देऊन परत गाडीत बसवलं. दिवाळीला सासुरवाडीला गेलो, तर भरल्या घरात पाहुण्यांपुढे म्हणाले, "या जावईबापू. दुकान काय म्हणतंय?"