सासूबाईंच्या नावाचा पतंग

...नाही, मी म्हणतो, नाव द्यायचंच होतं तर एखाद्या नदीचं द्यावं, डोंगराचं द्यावं, सासूचं कशाला? तुम्हाला सांगतो, आमचा शेजारी ल्यूथर, इथेच आर्कान्सात, शाळेत विज्ञान शिकवतो, बावीस वर्षं दिव्यावर येणारे पतंग गोळा करतोय, त्याला एका एप्रिलात तपकिरी पतंग सापडला, कुठल्याच पुस्तकात नसलेला, आणि वर्षभर भिंगाखाली घालून यानं तो नवी जात म्हणून शास्त्रीय मासिकात छापून आणला. वर शास्त्रीय नावात सासूबाईंचं नाव. ऑर्फाबाई प्रूइट, वय एक्क्याऐंशी. त्यांनी ते पान चौकटीत बसवून भिंतीला लावलं, चर्चमधल्या एकेकीला घरी नेऊन दाखवलं... आणि हे सगळं नखाएवढ्या पतंगासाठी!

बरं, पुढच्या वसंतात ल्यूथरच्या बायकोनं, विल्मानं, त्याच तपकिरी पतंगाची मादी जॅमच्या बरणीत ठेवली. तिनं अंडी घातली, वीत वीत मोजत चालणाऱ्या त्या अळ्या निघाल्या, विल्मा रोज ओकची कोवळी पानं घालतेय, आणि जूनमध्ये बरणीत काय निघालं? हिरवेगार पतंग. जुनेच, पुस्तकात केव्हाच नाव लागलेले! म्हणजे जात एकच; वसंतातली पिढी तपकिरी, उन्हाळ्यातली हिरवी. ल्यूथरची नवी जात गेली बाराच्या भावात.

दोन दिवस धड जेवला नाही गडी. विल्मा म्हणाली, अळ्या मी पोसल्या, आईला तू सांग. मग त्यानं मला ओढलं, सोबतीला. मला! पतंग आणि झुरळ यापलीकडे माझी मजल नाही... आणि हे सगळं नखाएवढ्या पतंगासाठी!

ऑर्फाबाईंनी मक्याचा पाव पुढे ठेवला. ल्यूथर घाम पुसत सांगत राहिला, की नाव पुसत नाहीत, यादीत राहतं, फक्त जुन्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात.

बाईंनी एकदा भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बावन्न वर्षं गाव मला मिसेस ओटिस प्रूइटच म्हणतंय. नवऱ्याच्या नावाखाली राहायची सवय आहे मला. पण मधे माझं नाव वर होतं ना? किती दिवस?"

"चौदा महिने, आई."

"चौदा," त्या म्हणाल्या. "ओटिसनं तेवढेही दिले नव्हते." आणि लोणी आणायला उठल्या.