आठच्या गोळीचं नोटिफिकेशन

…आणि वर मलाच म्हणतात, "पण माझ्या फोनवर तर दिसतंय!" अहो, तुमच्या फोनवर दिसतंय, कळलं, अभिनंदन, आता तुमच्या फोनचा सत्कार करू का? हार घालू? ज्याच्या फोनवर दिसत नाही तो तक्रार करतोय ना! पण नाही. आमच्या ऑफिसात तक्रार आली की पहिली गोष्ट काय होते, तर प्रत्येकजण खिशातून स्वतःचा फोन काढतो, त्यात बघतो आणि तक्रार खोटी ठरवून मोकळा होतो!

तुम्हाला सांगतो, आमचं अ‍ॅप म्हणजे काही रॉकेट नाही. गोळ्यांची आठवण करून देतं, बस. वेळ झाली की फोनवर एक चौकट उगवायची, "गोळी घ्या" म्हणायची, खाली एक बटण, "घेतली". माणसानं बटण दाबायचं, चौकटीनं जायचं, विषय संपला. यात अवघड काय आहे? असं मलाही वाटायचं… गेल्या वर्षीपर्यंत. डोक्यावर केस होते तेव्हा.

आता तुम्ही म्हणाल, एका चौकटीसाठी एवढा का चिडतोस? सांगतो ना. माझे बाबा एकटे राहतात, इथून दोन तासांवर. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. अजून भिंतीवर अकरा घड्याळं आहेत, आणि सकाळी आठला अकराच्या अकरा एकदम ठोके देतात, नवीन पाहुणा असेल तर हातातला कप सोडतो! आणि बाबांना त्यातला एक ठोका ऐकू येईल तर शपथ. सवय झालीये! आठची रक्तदाबाची गोळी विसरले ते विसरले. मग एकदा जिन्यात चक्कर आली, चार पायऱ्या घसरत खाली, कपाळाला पाच टाके. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी टाक्यांवर भागणार नाही हं."

घाबरलो मी. तेव्हापासून रोज आठला फोन. रोज! आणि खोटं कशाला बोलू, वैताग यायचा. गोळीचं अर्धं मिनिट, आणि मग शेजाऱ्याची पाण्याची टाकी कशी गळते, त्याची वीस मिनिटं! "अरे, काल तर थेंब असा पडत होता… टप… टप…" थेंबाचा आवाज काढून दाखवायचे हो, फोनवर! म्हटलं, आपण जन्मात एकच उपयोगी वस्तू बनवलीये, ती बापाच्या कामी येऊ दे की. लिंक पाठवली, बाबांनी स्वतःच्या हातानं अ‍ॅप टाकलं, मला तर भरून आलं. "झालं का बाबा?" "झालं." दुसऱ्या दिवसापासून माझा फोन बंद. सुटलो!

आणि त्याच आठवड्यात तक्रारी सुरू. सहाशे लोक वापरतात आमचं अ‍ॅप, बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. "आठवण दिसत नाही." "नीट दिसत नाही." "दिसते पण जात नाही." साहेबांनी मीटिंग बोलावली, स्वतःचा फोन वर धरला, मशालीसारखा, आणि… बरोबर! "माझ्या फोनवर तर दिसतंय!"

खोदून काढलं, तर पहिला गुन्हेगार साहेबच. मजकूर त्यांनी लिहिला होता. "गोळी घ्या" म्हटलं तर उद्धट वाटतं म्हणे! म्हणून त्यांनी लिहिलं, "आपण गोळी घेतली नसल्यास कृपया ती वेळेवर घ्यावी ही नम्र विनंती." आता चौकट केवढी? हाताच्या अंगठ्याएवढी! लहान फोनवर वाक्य मधेच कापलं जायचं आणि दिसायचं काय? "आपण गोळी घेतली…" बस! पुढे तीन टिंबं! म्हातारा माणूस बिचारा वाचणार, म्हणणार, अरे वा, घेतली वाटतं, आणि जाऊन झोपणार! साहेबांना दाखवलं तर म्हणतात कसे, "पण भाषा किती सौम्य आहे बघ ना."

ते निस्तरलं, तर बटण गायब. आमच्याकडे एक डिझायनर आहे, दर सोमवारी सगळ्याचे रंग बदलतो, आम्ही त्याला रंगारीच म्हणतो. म्हाताऱ्या माणसांनी फोनमधली अक्षरं मोठी केलेली असतात, अगदी मोठी, दुकानाच्या पाटीएवढी. मग मजकूर खाली सरकतो आणि "घेतली"चं बटण पडद्याच्या बाहेर! म्हणजे चौकट उगवली ती उगवलीच. एका आजींनी पत्र पाठवलं, कागदावर, पोस्टानं! लिहिलंय, "मी गोळी मंगळवारी घेतली, आज शुक्रवार आहे, तुमचा माणूस अजून माझ्या फोनमध्ये उभा आहे." मी ते पत्र रंगारीच्या टेबलावर आपटलं. त्यानं खुर्ची अर्धी फिरवली, फोन काढला, डोळे बारीक केले… तुम्हीच सांगा काय म्हणाला असेल! "माझ्या फोनवर तर दिसतंय!" अरे, तू पंचवीस वर्षांचा आहेस, तुझी अक्षरं मुंगीएवढी आहेत, तुला दिसणारच!

बटण वर आणलं. तर सोमवार उजाडला आणि रंगारीनं गडद रंग आणला. काळ्यावर काळी अक्षरं! "किती शांत वाटतं ना?" शांत? अरे, काही दिसतच नाही म्हटल्यावर शांतच वाटणार! ते बदललं, तर एकच आठवण लागोपाठ चाळीस वेळा यायला लागली. ही मात्र सगळ्यांच्या फोनवर दिसली हं! साहेब बड्या पाहुण्यांना अ‍ॅप दाखवत होते, आणि फोन टेबलावरून थरथरत थरथरत निघाला, चालत चालत काठाशी गेला आणि खाली उडी मारली. मी हसलो नाही. बाहेर जाऊन हसलो.

पण शेवटी जमलं, तुम्हाला सांगतो. तीन आठवडे. लहान फोन, मोठा फोन, आडवा, उभा, जुना, तडा गेलेला… सगळीकडे चौकट स्वच्छ, अक्षरं ठसठशीत, बटण जागेवर. ऑफिसात टाळ्या. आणि दुसऱ्या दिवशी तक्रार. "आठवण दिसत नाही." अहो!

त्या रविवारी बाबांकडे गेलो. जेवणाच्या टेबलावर गोळ्यांचं पाकीट. सहज उचललं. जवळजवळ भरलेलं! एकवीस दिवसांत सहा गोळ्या. सहा! खुर्चीत बसलोच, खरं सांगतो. तो जिना समोरच होता. आणि घाबरलो की मी काय करतो? ओरडतो! "बाबा, फोनवर आठवण येते ना रोज? ती दिसत नाही?" बाबा घड्याळाचं झाकण उघडून बसलेले, डोळ्याला भिंग, मान वर न करता म्हणतात, "कसली आठवण? काही येत नाही बुवा."

फोन हिसकावला, सेटिंगमध्ये शिरलो. नोटिफिकेशन बंद! कोणी केलं? अ‍ॅप टाकताना पहिल्याच दिवशी ते विचारतं, "सूचना दाखवू का?" हो की नाही. बाबांनी "नाही" दाबलं. "का पण?" "तूच शिकवलंस ना? फोननं काहीही विचारलं की नाही म्हणायचं!"

शिकवलं होतं. मीच! दोन वर्षांपूर्वी बाबांनी कशाला तरी "हो" म्हटलं आणि त्यांचा बनियनमधला, तोंड उघडं टाकून झोपलेला फोटो झाडून सगळ्या नातेवाइकांना गेला, तेव्हा मीच दम दिला होता. आणि मग उजेड पडला. सहाशे म्हातारी माणसं, घरोघरी माझ्यासारखी शहाणी मुलं, कितीतरी जणांनी हेच शिकवलेलं! आणि आम्ही ऑफिसातले दीडशहाणे? आम्ही दोन वर्षांपूर्वी एकदा "हो" दाबलेलं, तो प्रश्न आम्हाला परत कधी दिसलाच नाही! तीन आठवडे मी चौकट घासूनपुसून चकाचक केली, आणि ती दाराबाहेर उभी, कारण घरात कोणी घेतलंच नाही!

साहेबांना सांगितलं. साहेब पाच मिनिटं गंभीर. मग म्हणाले, "सोपं आहे. एक पॉपअप दाखवू, 'कृपया पॉपअपला हो म्हणा'!" मी उठलो. पाणी प्यायलो.

बाबांच्या फोनवर मी त्या रविवारीच "हो" करून दिलं होतं आणि रात्री तिथंच राहिलो होतो. सकाळी आठला चौकट आली, झकास दिसली. बाबांनी चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "म्हणजे आता तू फोन करणार नाहीस?" मी म्हटलं, "अहो, फोन कशाला…" आणि थांबलो. बोटांवर दिवस मोजले. एकवीस दिवसांत मी एकदाही फोन केला नव्हता.

तेव्हा आता रोज आठला मीच. आठवण म्हणजे मी, चौकट म्हणजे मी, बटण पण मीच. आणि टाकी! टप… टप…

पण काल… काल सकाळी लवकरची मीटिंग होती, म्हणून आठला ऑफिसातून फोन केला, उचलला नाही. परत केला, नाही. तिसऱ्यांदा, नाही! डोळ्यांपुढे जिना. शेजाऱ्याला, त्या टाकीवाल्याला फोन करून पळवलं. तर बाबा खुर्चीत, डोळ्याला भिंग, मजेत! शेजाऱ्याच्या फोनवर आले, म्हणाले, "ओरडतोस काय? गोळी घेतली मी. आणि तुझा फोन आलाच नाही, माझ्या फोनवर काही दिसत नाही."

आणि मी, तुम्हाला सांगतो, सगळं ऑफिस थांबेल एवढ्या जोरात ओरडलो, "अहो, तीन वेळा केलाय, माझ्या फोनवर तर दिसतंय!"

मागे रंगारी उभा होता. त्यानं स्वतःचा फोन खिशात घातला. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.