हात उचलेपर्यंत

वहिनी, प्राजक्ता, आणि मंडळाच्या या हॉलमध्ये आलेल्या सगळ्यांनो. निंबोल्याहून, चांदनीहून माणसं आलीत. कारखान्यातले भाऊंचे जुने सोबती आलेत. मागे काही जण उभेच आहेत, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या, बसून घ्या. मला जरा वेळ लागणार आहे.

मी वंदना पाटील. शाळेत गणित शिकवते. माझ्याआधी जे जे बोलले, त्यांनी सगळ्यांनी एकच सांगितलं. मनोहरभाऊ भाग्यवान. हसत-खेळत गेले. कुणाला काही कळायच्या आत गेले.

मी तेव्हा त्यांच्या समोर बसले होते. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला भाऊ. म्हणून मला बोलावं लागतंय. माझं ऐकल्यावर तुमच्यातले काही जण माझ्याशी बोलणं सोडतील, तेही मला दिसतंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, आम्ही दर रविवारी दुपारी पत्ते खेळायचो. रमी नव्हे, तीनपत्ती तर नव्हेच. हे चित्रांचे पत्ते. पाकिटातून मिळतात, जमवायचे असतात, ज्याने त्याने आपला गठ्ठा बांधायचा असतो. प्रत्येक पत्त्याची वेगळी करामत. भाऊंच्या प्राजक्ताला इंदूरला कॉलेजात हा नाद लागला. ती नोकरीला पुण्याला गेली आणि पत्त्यांचा डबा घरी राहिला. भाऊ नुकतेच रिटायर झालेले. पोरीशी फोनवर 'जेवलीस का'च्या पुढे काय बोलावं कळेना, म्हणून त्यांनी तो डबा उघडला. डिक्शनरी मांडीवर घेऊन नियम वाचले. मग मला ओढलं, आणि शेजारच्या गल्लीतल्या इरफानला ओढलं. इरफान पॉवरलूम दुरुस्त करतो. तो बघा, खांबापाशी बसलाय.

आता त्या खेळात एक पत्ता आहे, पहारेकरी. समोरच्याने पत्ता खेळला की लगेच पहारेकरी टाकायचा, समोरच्याचा पत्ता रद्द. सोपं वाटतं ना? पण खेळला म्हणजे नेमका कधी? हातातून काढला तेव्हा? टेबलाला टेकला तेव्हा? की करामत वाचून दाखवली तेव्हा? नियमांच्या पुस्तकात दोन ठिकाणी दोन तऱ्हा. आणि भाऊ पक्के बेरकी! पत्ता टेबलावर ठेवायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे. माझे डोळे जरा चमकले की पत्ता परत ओढायचे. "अजून खेळलो कुठे, वंदना? ठेवून बघत होतो."

मला असलं चालत नाही. एके दिवशी मी गठ्ठा आपटला आणि घरी आले. तीन रविवार गेलेच नाही. भाऊंनी कंपनीला पत्र लिहिलं, एकदा नाही, दोनदा. उत्तर आलं, कृपया नियमपुस्तक पाहावे. मग स्वतः माझ्या दारात आले. म्हणाले, "तू वकील व्हायला पायजे होतं, मास्तरीण कशाला झाली? सांग बाई, काय नियम करू?"

नियम मी सांगितला. ऐका नीट. मी सांगितला. भाऊंनी फक्त लिहिला. चार्टपेपरवर, लाल स्केचपेनने, कॅलेंडरच्या खाली चिकटवला. पत्त्यावरून हात उचलेपर्यंत पत्ता खेळलेला नाही. हात उचलेपर्यंत समोरच्याने बोलायचं नाही. हात उचलेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, फक्त हाताकडे बघायचं.

ते तिसरं वाक्य तर माझ्या हट्टाचं. मी म्हटलं, नुसतं बोलायची बंदी पुरत नाही, भाऊ, तुम्ही चेहरे वाचता. नजरानजरच नको.

नियम झकास चालला. भांडणं संपली. इरफान म्हणायचा, "मॅडम ने तो कोर्ट बिठा दिया." मला फार अभिमान होता हो त्याचा. शाळेत स्टाफरूममध्ये सुद्धा सांगायचे.

मग पावसाळ्यानंतर भाऊंचा हात रेंगाळायला लागला. आधी थोडा. मग जास्त. पत्ता ठेवायचे आणि हात तसाच. एकदा उचलला तर पत्त्यावर घामाचा पंजा उमटलेला. मी चिडवलं, "भाऊ, पत्ता उबवताय का?" तर हसले, म्हणाले, "नियम तुझा, हात माझा." दर रविवारी आदल्या रविवारपेक्षा जास्त वेळ. मला वाटलं, नवा डाव शोधलाय, मला थकवताहेत. मी गणिताची बाई. रेघ वर चढताना मला दिसत होती. ती कशाची रेघ आहे, हे मी एकदाही विचारलं नाही.

त्या रविवारी ते डावा खांदा चोळत बसले. वहिनी, तुम्ही विचारलंत, गोळी देऊ का? ते म्हणाले, "गॅस आहे, जाऊ दे. चहा टाक." तुम्ही आत गेलात. भाऊंनी पत्ता काढला, ठेवला, वर हात ठेवला. माझ्या हातात पहारेकरी होता. मी मनातून खूश. म्हटलं, सापडले आज भाऊ.

मी हाताकडे बघत होते.

आत लायटरची खटखट झाली. पातेलं ठेवल्याचा आवाज आला. हात तसाच. तुम्ही आलं ठेचलंत, मला ऐकू आलं. हात तसाच. बोटं पत्त्यावर गच्च दाबलेली होती, इतकी की नखं पांढरी पडली. मग ती हळूहळू सैल झाली. मी पाहिली सैल होताना. मला वाटलं, आता उचलतील.

इरफान म्हणाला, "मॅडम, भाऊ को देखो ना जरा."

मी नजर वर केली नाही. बोट वर केलं. त्याला म्हटलं, "हात उचललेला नाही."

तो गप्प बसला. शाळेतल्या पोरासारखा गप्प बसला, कारण मी तशीच बोलले होते. चहा उकळल्याचा वास आला. तुम्ही तो गाळलात. कप मांडलेत. आणि आम्ही दोघं जिवंत माणसं एका हाताकडे बघत बसलो. भाऊंची पाठ खुर्चीला, खुर्ची भिंतीला, त्यामुळे ते कलंडलेसुद्धा नाहीत. तुम्ही ट्रे घेऊन दारात आलात. तुम्हाला आमचे नियम ठाऊक नव्हते. तुम्ही सरळ त्यांच्या तोंडाकडे बघितलंत आणि ओरडलात, "अहो!" तेव्हा कुठे मी मान वर केली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मागचं आजवर आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मी डॉक्टरांना एकटी जाऊन भेटले. विचारलं, आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही, मॅडम. वाचले असते, नसतेही वाचले." मी आयुष्यभर पोरांना सांगत आले की उत्तर एकच असतं. या गणिताला ते मिळणार नाही. रोज पहाटे डोळा उघडला की ते समोर येऊन बसतं, आणि मी दोन्ही बाजूंनी सोडवून बघते.

दहाव्याला वहिनींनी माझा हात धरला होता. "वंदना, शेवटी काही बोलले का गं ते?" मी म्हटलं, नाही. ते खरं होतं. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं. बोलायला वेळच मिळाला नाही त्यांना, त्रास नाही झाला." आणि मी मान हलवली. वहिनी, ती मान खोटी हलवली मी. वेळ मिळाला होता. एक अख्खा चहा होईल इतका वेळ मिळाला होता. तो माझ्यामुळे वाया गेला. मी माफी मागत नाहीये, माफी मागायला तोंड नाही मला. तुम्हाला ठाऊक असावं, एवढंच. तुमच्या पाठीमागे मी ते दडवून ठेवावं आणि तुमच्या घरी चहाला यावं, हे माझ्याच्याने होणार नाही.

इरफान, तू मान खाली घालू नकोस. तू बोलला होतास.

आणि अजून संपलेलं नाही. घरी आमचे हे पेपर वाचताना पान उलटायला उशीर लावतात, तर मी धावत जाऊन खांदा हलवते. ते वैतागतात. वर्गात एखादी पोरगी वहीवर हात ठेवून बसली की माझा खडू थांबतो. मला आता थांबलेला हात सोसत नाही. काल प्राजक्ता म्हणाली, "मावशी, तो चार्ट बाबांच्या अक्षरातला आहे, पुण्याला नेऊ का?" तिचं उत्तर आज देते. ने, बाळा. अक्षर त्यांचं आहे, ने. पण तुझ्या मित्रमैत्रिणींबरोबर खेळायला बसशील तेव्हा त्यातलं एकही वाक्य पाळू नकोस. भांडा, पत्ते आपटा, पण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहा.

आता शेवटी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळायची असते. अध्यक्षांनी मला तेच सांगायला लावलंय. अध्यक्षसाहेब, क्षमा करा, मी ती मागणार नाही. भाऊंसमोर जेवढी शांतता पाळायची होती, तेवढी माझी पाळून झाली. उभे राहा सगळे. वहिनी, तुम्ही बसूनच राहा. ज्यांनी त्यांना ज्या नावाने हाक मारली असेल, त्याच नावाने मारा. हळू नको. पार रस्त्यावर ऐकू जाऊ द्या.

मी आधी मारते. फार उशिरा मारते आहे.

भाऊ! अहो मनोहरभाऊ!