स्टँड नको, भिंतीवर

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं तू होय! बोल. जरा मोठ्याने बोल, इथे थर्माकोल कुरकुरतोय नुसता… खोक्यातला गं. टीव्हीचं खोकं… हो, आला. आत्ताच आला अर्ध्या तासापूर्वी.

मी कसा आणला म्हणजे? चालत गेले दुकानात, बघितला, पसंत केला, घेतला. लोक कसा घेतात?

नाही, दादाला नाही विचारलं… तुलाही नाही विचारलं, खरंय… अगं, विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. आणि तुम्ही नको म्हणालात तरी मी घेणारच होते. मग मधला फेरा कशाला?

पन्नास.

पन्नास इंची गं… ओरडू नकोस! ऑपरेशन डोळ्यांचं झालंय माझं, कानांचं नाही.

हो, हो… अगं ऐक ना… ऐक तर… माहितीये मला तुझा दादा काय म्हणाला होता ते. "आई, बत्तीसचा पुरे तुला. स्टँडवाला घे, म्हणजे हलवायला बरा." हलवायला! टीव्ही हलवायला की मला हलवायला, ते कळतं हो मला. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलीत मी. माणूस पोट आत ओढून उभा राहिला तरी मला कमरेचं खरं माप समजतं.

थांब हं एक मिनिट… अहो भाऊ, तो पाना शिलाई मशीनवर नका ठेवू, ओरखडा पडेल. खाली ठेवा, चटईवर… हां, तिथे.

फिटिंगवाला आहे. दुकानाने पाठवलाय… हो, एकटीच आहे. मग? चांगला टक्कल पडलेला माणूस आहे, चष्मा आहे, माझ्याहून दोनचार वर्षांनी लहान असेल… अगं हळू, चोरबीर काय म्हणतेस, त्यांना ऐकू जातंय. हसतायत ते.

निवडला कसा? मापाने निवडला. दुसरं काय येतं मला?

आधी कागद कापला. वर्तमानपत्राची पानं जोडली टाचण्या लावून, त्रेचाळीस इंच रुंद, आणि लावून टाकला भिंतीवर… का म्हणजे काय! कापड कापायच्या आधी आपण कागद कापतोच की नाही? आठ दिवस होता भिंतीवर. मशीनवर बसायचे आणि मान वर करून बघायचे. मान अवघडते का, डोळे ताणावे लागतात का… हो, कागदाकडेच बघायचे. हस, हस खुशाल. शेजारीण आली होती मीठ मागायला, तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. मी म्हटलं, बस गं, बातम्याच चालू आहेत.

मग काय, गेले दुकानात आणि म्हटलं, त्रेचाळीस द्या. त्यांनी दाखवला त्रेचाळीसचा. मी पर्समधून टेप काढली आणि लावली. साडेसदतीस! भर दुकानात म्हटलं, "अहो, साडेपाच इंच खाल्लेत तुम्ही!"

अगं पण मला काय ठाऊक! सगळे जमा झाले तिथे. मालक वरच्या मजल्यावरून धावत खाली आला. म्हणतो, "आजी, टीव्ही तिरका मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत." आता तूच सांग, शहाणा माणूस तिरकं मोजतो का? मी गिऱ्हाइकाच्या पँटा तिरक्या मोजल्या असत्या तर अर्ध्या गावाचे घोटे उघडे पडले असते.

लाज कसली? चुकले तर चुकले. मी त्याला म्हटलं, तुमचं तिरकं तुमच्यापाशी ठेवा, मला सरळ त्रेचाळीस भरेल असा द्या. तो पन्नासचा निघाला. कागद लावून बघितला वरून. अर्धा इंच जास्त, शिवणीत जाईल तेवढा.

काय? … परत? … परत कशाला करू?

सात दिवसांत परत घेतात? तुला कोणी सांगितलं? … दादाने? … त्याने दुकानाला फोन केला? माझ्या टीव्हीसाठी? … त्याला कळलंच कसं पण?

अच्छा… त्याच्या फोनवर मेसेज गेला. 'आपला टीव्ही निघाला आहे.' हां, हां. दुकानातली मुलगी म्हणाली, आजी, अजून एखादा नंबर द्या, आणि मी शहाणीने त्याचा दिला. तिथेच घोळ झाला.

म्हणजे तुलाही माहीत होतं! मग मघाशी "अय्या, खोकं कसलं?" करून नाटक कशाला केलंस? ठमे, अगं पोटात होतीस तेव्हापासून ओळखते मी तुला. खोटं बोलताना तुझा आवाज चढतो, आठ वर्षांची होतीस तेव्हाही चढायचा.

थांब, थांब… काय म्हणताय भाऊ? … स्टँड लावू की भिंतीवर? …

तुला नाही विचारलं गं त्यांनी, मला विचारलं! मधेच "स्टँड, स्टँड" काय ओरडतेस? … भाऊ, पाच मिनिटं थांबा. पाणी घ्या तोवर, तांब्या तिथे खिडकीत आहे. मुलीचा फोन आहे, तिला भिंतीची काळजी लागून राहिलीय.

बोल आता. भिंतीला काय झालं? … भोकं पडतील. पडतील की. भोकं पाडल्याशिवाय टीव्ही काय हवेत तरंगणार? … खराब दिसेल? कोणाला खराब दिसेल? मी राहते इथे… नाही, नीट सांग. कोणाला दाखवायचीय माझी भिंत?

रविवारी कोण येणारे?

हॅलो? … रविवारी कोण येणारे, मी विचारतेय.

घर बघायला.

माझं घर बघायला.

भाड्याने… हं… नवराबायको, एक मूल… चांगली माणसं आहेत. असतील. मी कुठे वाईट म्हणाले… आणि मी कुठे असणार रविवारी? मला काय दादा त्या दिवशी फिरायला नेणार होता? … नेणारच होता! बागेत! वा रे वा. मी बागेत बाकावर, आणि परकी बाई माझ्या स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघतेय.

दादाकडे कायमचं राहायला जायला मी हो म्हटलं होतं? कधी? … अगं मी 'बघू' म्हटलं होतं! लहानपणापासून तुम्हा दोघांना 'बघू' म्हणत आले. सायकल घेऊ का, बघू. सहलीला जाऊ का, बघू. त्याचा अर्थ एकदा तरी 'हो' निघाला होता का?

एक सांग. तो तिथेच बसलाय ना? … दादा. तुझ्या शेजारी… पुन्हा आवाज चढला बघ तुझा. अगं, श्वास ऐकू येतोय मला त्याचा. लहानपणापासून नाकात शिट्टी वाजते त्याची. … नको, फोन देऊ नकोस त्याच्याकडे. स्पीकरवर आहे ना? राहू दे. दोघंही ऐका.

ऐक रे. मधे बोलू नकोस… मधे बोलू नकोस म्हणाले ना! मागच्या वर्षी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर चार महिने होते मी तुझ्याकडे. वाईट वागवलंस असं मी म्हणत नाही. सूनबाईने वेळच्या वेळी डोळ्यांत थेंब घातले, एक दिवस चुकली नाही बिचारी. जिथे तिथे सांगते मी हे. पण संध्याकाळी सोफ्याच्या कोपऱ्यात बसायचे आणि जे लागेल ते बघायचे. मोटारींच्या शर्यती. चार महिने मोटारी गोल गोल फिरताना बघितल्या मी! एकदा म्हटलं, जरा दुसरं काही लावता का, तर तुम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलंत. कोणी एका शब्दाने बोललं नाही, लावलंतही. पण मी पुन्हा म्हणून म्हटलं नाही.

रागावले नव्हते रे. पाहुणी होते मी तिथे. पाहुण्याने रिमोट मागायचा नसतो. आणि मला उरलेली सगळी वर्षं पाहुणी म्हणून काढायची नाहीत. नाही काढायची, बस.

मशीन? मशीन गॅलरीत ठेवू म्हणाला होतास तू, कुंड्यांशेजारी. विसरले नाही मी… अरे, पोटासाठी आता कुठे शिवते? काज-बटणं करते, कोणाचा पडदा, कोणाच्या मुलीचा गणवेश. दोन बायका येतात, बसतात, बोलतात. तुझ्या सहाव्या मजल्यावर कोण येणारे मला बटण लावायला सांगत?

पडेन? पडले तर पडले. शेजारीण भिंतीपलीकडे आहे, हाक मारली की ऐकते… बरं, तू रोज फोन कर. सकाळी कर, संध्याकाळी कर. मी उचलीन. पण घर सोडणार नाही… काळजी वाटते हे कळतं रे मला. मलाही भीती वाटते, नाही असं नाही. रात्री कधी चक्कर आली तर काय, हे माझ्याही मनात येतं. पण या घरात भीती वाटली तर दिवा कुठे आहे ते हाताला ठाऊक आहे माझ्या.

आता गप्प बस जरा… भाऊ! अहो भाऊ, झालं का पाणी पिऊन? … स्टँड नको. स्टँड खोक्यात ठेवून द्या परत. भिंतीवर लावायचा. … हो, पक्कं. … तिकडे नाही, ही भिंत. खिडकीच्या बाजूची, टाचण्यांच्या खुणा दिसतायत ना, कागद होता तिथे. बरोबर त्याच मापात… वर? नाही, एवढा वर नको. लोक वर लावतात तर लोकांच्या घरी लावा वर. मी मशीनवर बसते, माझ्या नजरेसमोर आला पाहिजे. बसून दाखवते, थांबा… हां. इथे करा खूण.

तू आहेस ना गं अजून? … सोफ्यासमोर का नाही? अगं, सोफ्यावर बसतं कोण आता? मी बसते मशीनवर… उजेडाचा नाही त्रास होत. जाड पडदा शिवलाय, काळं अस्तर लावून. दिवसा काम, संध्याकाळी पडदा ओढायचा आणि बटणं लावत बघायचं. बटण लावायला मला बघावं लागत नाही.

तुम्हाला आठवतं का रे? मशीन खिडकीशी, उजेडासाठी. जुना टीव्ही तिकडे मागच्या कोपऱ्यात. तुम्ही दोघं सोफ्यावर, मधे तुमचे बाबा, माझ्याकडे पाठ करून. आणि मी तुमच्याकडे पाठ करून. तीस वर्षं टीव्ही नुसता ऐकला मी. बघितला नाही. तुम्ही तिघं एकदम हसायचात, मग मी मशीन थांबवून विचारायचे, "काय झालं रे?" आणि तुम्ही काय म्हणायचात?

आठवतं की तुला, ठमे. म्हण.

"अगं आई, गेलं ते आता."

बरोबर.

नाही गं, टोमणा नाही मारत. लेकरं होतात तुम्ही. आणि गणवेशाचे गठ्ठे उरकायचे असायचे, बघायला वेळ तरी कुठे होता मला. पण राग यायचा. कोणाला सांगितलं नाही, तुमच्या बाबांनाही नाही. आता सांगतेय.

काय? … ऐकू येत नाही? … ड्रिल आहे! ड्रिल! … फोन तिकडे धरते, थांब, नीट ऐका दोघंही…

ऐकलंत? ते पहिलं… भाऊ म्हणतायत भिंत चांगली पक्की आहे. मी म्हटलं, असणारच, ती मला बघत आलीय… हे दुसरं… धूळ केवढी उडतेय, मशीन झाकते… काय म्हणतोस? नंतर बुजवून घेऊ? कोण बुजवणार? बुजवायची नाहीत. ती भोकं माझी आहेत… तिसरं… आणि चौथं. झालं बाई.

त्या रविवारच्या माणसांना फोन कर आणि सांग, घर रिकामं नाही… तू कर. तू बोलावलंस, तूच सांग. आज सांग, उद्यावर ढकलू नकोस, बिचारी आशेवर असतील… करशील ना? … 'बघू' नको म्हणूस मला. 'हो' म्हण… हां. ऐकलं मी. तुझ्या बहिणीनेही ऐकलंय.

अगं, तू रडतेस की हसतेस? … मग हसतेस तर आवाज येऊ दे नीट.

रविवारी तुम्हीच या. चार वाजता. सूनबाईला आण, मुलांना आण… बेल वाजवून या, किल्लीने उघडून नको… बसायला? सोफा आहे की. आहे तिथेच आहे… नाही, हलवणार नाही, जड आहे… हो, टीव्हीकडे पाठ होईल तुमची. होऊ दे. ऐकू येतं छान, मला विचारा.

मी एकटी हसले तर विचारा खुशाल, "आई, काय झालं?"

मग मी सांगते तुम्हाला, गेलं ते आता.

चला, ठेवते. भाऊंनी रिमोट दिलाय हातात.