ड्रमवर पिराजी

(कोल्हापुरातलं एक नाट्यगृह, १९८१. पडदा नुकताच वर गेला आहे. रंगमंचावर पाच वादक, खाली मधल्या रांगेत तीन प्रेक्षक.)

आबा : त्यो ढोलांच्या मागं बसलाय, त्यो आपला पिराजी न्हवं?

बायडाबाई : काल चष्मा पुसून दिला ते बरं झालं.

आबा : बायडे, तू मला नाटक हाय म्हनलीस.

बायडाबाई : पडदा हाय, उजेड हाय, तुमी चिडलाय. आनि काय लागतंय नाटकाला?

आबा : पोरगं मुंबईला कारकून हाय म्हनून सगळीकडं सांगत फिरतोय मी.

बायडाबाई : कारकूनच हाय. गोदीत. पाचाला सुटतंय. पाचाच्या म्होरचं तुमी इचारलं न्हाय, त्येनं सांगितलं न्हाय.

आबा : आनि तुला म्हाईत हुतं.

बायडाबाई : चार वर्सं. तवाच सांगितलं असतं तर चार वर्सं भांडत बसलो असतो. आता एका सांजंत भागंल.

आबा : ऊठ. घरला चल.

बायडाबाई : कुठनं? हिकडं नऊ मानसं, तिकडं अकरा. मधल्या खुर्च्या उगंच न्हाय मागून घेतल्या मी.

नृसिंहराव : अहो पाव्हणे, मला तर मुळीच उठवू नका. गुडघे रजेवर आहेत माझे. मध्यंतरापर्यंत बसा की.

आबा : बसतो. मध्यंतर झालं की निघायचं. आनि त्येला सांग, माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाय.

नृसिंहराव : कुणाला?

बायडाबाई : त्या ढोलवाल्याला. आमचंच हाय ते.

नृसिंहराव : असं होय. मग तो पियानोवर वाकलाय ना, तो आमचा. त्र्यंबक. मी कीर्तनात पेटीची साथ करतो, त्यालाही तेच शिकवलं, आणि आता हे. म्हणजे आपलं दुखणं एकच.

आबा : तुमचं दुखनं येगळं, राव. आमी गडहिंग्लजकडं हलगी वाजवायचो. हौसेनं न्हवं. गावात लगीन असलं की जायाचं, मढं असलं की जायाचं, आनि मांडवाभायेर हुबं ऱ्हायाचं. छप्पन साली दीक्षा घेतली आनि हलगी हिरण्यकेशी नदीत सोडली. सांगून टाकलं, ह्या घरातला मानूस पुन्यांदा कुनाच्या म्होरं वाजवनार न्हाय. कबनूरला मागावर गेलो, बारा बारा तास राबलो, खरं शब्द मोडला न्हाय. पंचवीस वर्सं. आनि ह्ये बघा.

नृसिंहराव : हे तसलं वाजवणं नव्हे हो. हार्ड बॉप म्हणतात याला, जॅझमधलाच एक प्रकार. हे पत्रक बघा, पाचही जणांची कुंडली छापली आहे. ट्रम्पेटवाला मडगावचा, चर्चच्या शाळेत स्वर शिकला. सॅक्सोफोनवर आपल्या मंगळवार पेठेतला जोतीराम, लग्नाच्या बँडवाल्यांच्या घरचा. त्यानंच सगळ्यांना इथं आणलंय. ते माणसाएवढं वाद्य धरून उभा आहे तो पारशी, दिवसा घड्याळं दुरुस्त करतो. मग आमचा. आणि हे शेवटचं. ‘ड्रमवर पिराजी कांबळे, कबनूर. गुरू : वडील, आबा कांबळे.’

आबा : काय म्हनलासा?

नृसिंहराव : मी नाही म्हणत. छापलंय.

आबा : खोटं हाय. हे पोरगं जन्मलं तवा घरात हलगी न्हवती. तिची काडीसुदीक न्हवती.

बायडाबाई : हात हुतं की. रडाय लागलं की पालथं घालून पाठीवर वाजवायचासा. लगनाचा ठेका धरला की गप ऱ्हायाचं, जत्रंचा धरला की हसायचं.

आबा : त्येला थोपटनं म्हनत्यात.

बायडाबाई : हलगीवाल्याच्या घरात नांदून म्हातारी झालो मी. थोपटनं कसलं असतंय ते मला नगा सांगू.

नृसिंहराव : जरा ऐकू द्याल का? मघाशी ट्रम्पेट-सॅक्सोफोननं मिळून चाल म्हटली, आता जोतीराम एकटाच सुटलाय. परत पहिल्या जागेवर कधी येणार कोण जाणे. माझी मोजणी केव्हाच चुकली.

आबा : बत्तिसाला येतंय.

नृसिंहराव : कसं म्हणता?

आबा : आठाचं चार तुकडं हायत. तिसरा येगळा, बाकीचं तीन एका अंगाचं. तिसऱ्याला तुमचं पोरगं खाली उतरतंय बघा. आता परत चौथा. आनि ह्यो... आला न्हवं फिरून?

नृसिंहराव : आला खरा. तीस वर्षं मी पेटी वाजवतोय, आणि हे मला तुम्ही सांगताय.

बायडाबाई : थोपटायला येवढं मोजाय लागतंय व्हय?

आबा : तू गप. राव, कुनी काढलं ह्ये वाजवनं?

नृसिंहराव : अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी. यांचे खापरपणजे गुलाम होते तिकडे. विकत घेतलेले.

आबा : मग सुटल्यावर ढोल टाकून कसा दिला न्हाय त्यांनी?

नृसिंहराव : मी वाचलंय ते असं, की पुष्कळ ठिकाणी मालकांनीच तो काढून घेतला होता. ढोलावरून एकमेकांना निरोप देतील, उठाव करतील, या भीतीनं. पुढे यांनी तो परत मिळवला.

आबा : उलटंच की मग. त्यांचा काढून घेतला हुता. आमच्या गळ्यात अडकवला हुता.

बायडाबाई : म्हंजे त्यांनी घेतला ते बी बरोबर, तुमी सोडला ते बी बरोबर. पोरानं कुठलं बरोबर धरायचं, तेवढं सांगा कुनीतरी.

नृसिंहराव : अहो, हे काय झालं? सगळे थांबले. त्र्यंबकनं हात मांडीवर घेतले. काही चुकलं वाटतं.

बायडाबाई : माझ्या पोराचं न्हाय न्हवं चुकलं? त्यो एकटाच वाजवतोय.

आबा : चुकलं न्हाय. त्येला जागा दिलीया. बघत ऱ्हावा.

नृसिंहराव : किती वेळ चालायचं हे?

आबा : तेच बघतोय मी. आमाला हात करायची. पंगत बसली की घरचं कुनीतरी हात वर करायचं, बास म्हनून. शेंबडं पोर का असंना. हलगी कसली बी रंगात आली असू दे, तितंच तोडायची. ह्येला कोन हात करनार?

नृसिंहराव : कोणी नाही. तोच खूण करणार, मग हे चौघं येणार. तोवर बसायचं वाट बघत. आमच्या दारातही हात व्हायचा, आबा. लहानपणी मीच केला असेल.

आबा : केला असंल. आता तुमचं पोरगं ताटकळू दे जरा.

नृसिंहराव : ताटकळू दे. तुमच्यासारखं मोजता आलं नाही तर खूण झालेलीही कळायची नाही त्याला.

बायडाबाई : तो डावा हात बघा. कुनाचा हाय सांगा बघू.

आबा : आता मधी तोडू नगंस, बायडे.

बायडाबाई : न्हाय तोडत.

आबा : जत्रंचा ठेका हाय न्हवं ह्यो? त्येनं त्येचं काय केलंय बघ. फोडलाय, उलटा केलाय, आनि परत जागंवर. ...केली बघा खूण.

नृसिंहराव : आले चौघं. नेमके आले. हुश्श. पडदा पडतोय, मध्यंतर झालं. मी जरा पाय मोकळे करून येतो.

बायडाबाई : उठा. रांग मोकळी झाली, हिकडची बी, तिकडची बी. निघायचं हुतं न्हवं?

आबा : मला तहान लागलीया. तू पानी आन.

बायडाबाई : आनतो की दमानं. त्यो बघा, खाली उतरून खांबाला टेकलाय. दोन हजार मानसांच्या म्होरं वाजवतंय आनि बापाच्या म्होरं यायला पाय उचलंना. ये रं पिराजी. चावत न्हाईत, दातच ऱ्हायलं न्हाईत.

पिराजी : आबा.

आबा : पत्रकात माझं नाव कुनी घातलं?

पिराजी : मी.

आबा : इचारलंस?

पिराजी : इचारलं असतं तर न्हाय म्हनला असतासा.

आबा : म्हनलोच असतो. तिकडं मुंबईत कुठं हुबं करत्यात तुला?

पिराजी : बसून वाजवतो, आबा. ऐकनारी बी बसत्यात. आनि आमच्यात कुनी कुनाला बास म्हनत न्हाय.

आबा : बघितलं.

पिराजी : घंटा झाली. आई म्हनली हुती, मध्यंतराला तुमी उठाल कदाचित. रिक्षापतोर येतो सोडायला.

आबा : मी कुठं निघालोय. तू जा. चौघं खोळंबल्यात.